पेशंटला हात लावण्याआधी : वॉर्डातल्या संसर्गाबद्दल थोडं

तिसरी_पाळी | रविवार, रात्री १०.१५

मी १९ वर्षं स्टाफ नर्स आहे, त्यातली १४ पुरुष सर्जिकल वॉर्डात गेली. दीड वर्षापूर्वी माझ्याकडे इन्फेक्शन कंट्रोल नर्सचं काम आलं. आमचं रुग्णालय दोनशेच्या आसपास खाटांचं. काम आलं तेव्हा हातात एक फाईल आणि एक रजिस्टर मिळालं, आणि वरून सूचना, "भिंतीवरचे तक्ते जुने झालेत, तेवढे बदलून घ्या." तक्ते बदलले. दोन महिन्यांनी माझ्याच जुन्या वॉर्डात एका आठवड्यात तीन जखमांना हिरवट पू धरला. बेड ११, १२ आणि १३.

एक हर्नियाचा, एक फुटलेल्या अपेंडिक्सचा आणि एक मधुमेहानं पाय चिघळलेला. हर्नियाचा मुलगा २४ वर्षांचा, धडधाकट. चौथ्या दिवशी घरी जायचा तो १९ दिवस राहिला. त्या पट्टीला येणारा गोडसर कुबट वास ज्यानं एकदा घेतला तो विसरत नाही. लॅबनं तिन्ही ठिकाणी स्युडोमोनास नावाचा जंतू सांगितला, आणि कोणती अँटिबायोटिक लागू पडतात ती यादीही तिघांची तंतोतंत एकच.

मग मी तीन सकाळी वही घेऊन ड्रेसिंग ट्रॉलीच्या मागे फिरले. काही बोलायचं नाही, फक्त लिहायचं, असं ठरवून. सकाळी सातला सलाईनची ५०० मिलीची बाटली फोडली जाते. हवा जायला तिच्यात एक सुई खोचलेली असते. त्याच बाटलीतून सगळ्यांच्या जखमा धुतल्या जातात, उरलं तर संध्याकाळच्या पाळीलाही तीच. स्पिरिटचे बोळे स्टीलच्या वाटीत सकाळीच भिजवून ठेवलेले. मायक्रोपोरच्या पट्ट्या वेळ वाचावा म्हणून आधीच फाडून बेडच्या दांडीला चिकटवलेल्या, आणि त्याच मग जखमेवर. एका पेशंटचे ग्लोव्हज न काढता त्यावरच स्पिरिट चोळून पुढच्या पेशंटला हात. यातलं एकही मला नवीन नव्हतं. १४ वर्षं मीही हेच केलं होतं आणि माझ्या हाताखालच्या मुलींना हेच शिकवलं होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

बाटलीतल्या उरलेल्या सलाईनचं कल्चर पाठवलं. तेच जंतू उगवले.

बाटलीचा प्रश्न महिन्याभरात सुटला. आता प्रत्येक पेशंटला १०० मिलीची वेगळी बाटली, उरलं तर ओतून द्यायचं. स्वच्छ जखमा आधी, पू असलेल्या शेवटी. चिकटपट्टी तिथल्या तिथे फाडायची. यात कुणाशी भांडावं लागलं नाही, कारण लॅबचा कागद हातात होता. अवघड गेली ती दुसरी गोष्ट, आणि तिच्यासाठीच हा धागा काढते आहे.

वहीत मी हातही मोजत होते. जागतिक आरोग्य संघटनेनं हात स्वच्छ करायचे पाच क्षण सांगितले आहेत. त्यातले दोन 'आधी'चे : पेशंटला हात लावण्याआधी, आणि सलाईन लावणं, कॅथेटर टाकणं, ड्रेसिंग यांसारखं निर्जंतुक काम करण्याआधी. तीन 'नंतर'चे : रक्त, लघवी, पू यांचा संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना, म्हणजे चादर, लॉकर, सलाईनचा स्टँड वगैरेंना हात लावल्यावर. माझ्या वहीत 'नंतर'चे रकाने बऱ्यापैकी भरले होते. घाण हाताला लागली की सगळेच धुतात. 'आधी'चे रकाने जवळजवळ रिकामे. म्हणजे आपण हात धुतो ते बहुतेक वेळा स्वतःसाठी. अंगावर काही येऊ नये, घरी लेकरांपर्यंत जाऊ नये म्हणून. बेडवरच्या माणसासाठी जो हात धुवायचा तो राहून जातो.

मी कुणाला दोष देत नाही, मीही त्याच रकान्यात आहे. पण हे कळल्यापासून मला वॉर्ड वेगळा दिसायला लागला. तुमच्याकडे 'आधीचा हात' वाढवायला कुणी काय केलं, ते लिहा. घरी आजारी माणसाचं करणाऱ्यांनीही लिहा, कारण जंतूला घर आणि वॉर्ड एकच.

अबोली | रविवार, रात्री ११.०२

ताई, वाचून अंगावर काटा आला. मी नर्स नाही. वडिलांना पक्षाघात झाल्यापासून, गेले सात महिने, लघवीची नळी आहे. घरी सगळं मी आणि आई करतो. या काळात तीनदा ताप येऊन ॲडमिट करावं लागलं, तिन्ही वेळा 'युरीन इन्फेक्शन'. नळी कशी सांभाळायची हे आम्हाला कुणी नीट दाखवलंच नाही. डिस्चार्जच्या वेळी "पिशवी भरली की ओता" एवढंच सांगितलं. आमचं काय चुकतंय?

सूक्ष्मदर्शक | सोमवार, सकाळी ७.३०

मायक्रोबायोलॉजीत आहे, म्हणून बाटलीबद्दल आधी. स्युडोमोनासला ओल आवडते. नळाची तोंडं, बेसिनचे पाइप, ह्युमिडिफायरचं पाणी, उघडी सलाईन अशा ठिकाणी तो वाढतो. नेहमीच्या सौम्य जंतुनाशकाच्या द्रावणातही तो तग धरतो. बऱ्याच वॉर्डांत अजून चीटल फोर्सेप, म्हणजे निर्जंतुक वस्तू उचलायचा लांब चिमटा, जंतुनाशकाच्या बाटलीत बुडवून ठेवलेला दिसतो, ते द्रावण कधी बदललं ते कुणाला माहीत नसतं. तो चिमटा काढून टाका आणि छोटे ऑटोक्लेव्ह केलेले (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक केलेले) सेट वापरा. सुई खोचलेल्या बाटलीतून किंवा व्हायलमधून (औषधाच्या छोट्या बाटलीतून) अनेकांना औषध काढणं तर कुठेच बसत नाही, मग ते जखम धुण्याचं सलाईन असो की शिरेतली नळी मोकळी ठेवायला सोडायचं, फ्लशचं.

'आधी'च्या हाताबद्दल. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४७ साली इग्नाझ सेमेलवाइस यांना नेमकं हेच दिसलं होतं. तिथे बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टरीचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वरानं कितीतरी जास्त बायका जात, कारण ते शवविच्छेदन करून थेट बाळंतिणीला तपासायला येत. त्या वर्षी एप्रिलमध्ये मृत्यूचं प्रमाण १८ टक्क्यांच्या वर होतं. मेमध्ये त्यांनी बाळंतिणीला हात लावण्याआधी क्लोरिनच्या चुन्याच्या पाण्यानं हात धुवायला लावले. जूनमध्ये ते २ टक्क्यांच्या आसपास आलं. जंतू म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. शवागारातून निघताना हात साबणानं धुतले जायचेच, पण वास हाताला राहायचा. त्यांनी धुण्याची जागा बाळंतिणीच्या दाराशी आणली, एवढा एक फरक मला फार मोठा वाटतो.

अबोली, तुमच्या प्रश्नाला ताई उत्तर देतीलच. मी एवढंच सांगतो, की नळी आत आहे तोवर दर दिवसाला साधारण ३ ते ७ टक्के पेशंटच्या लघवीत जंतू नव्यानं शिरतात. त्यामुळे सात महिन्यांनी लघवीच्या कल्चरमध्ये जंतू सापडणारच. ताप, थंडी, कमरेत दुखणं, अचानक भान हरपणं असं काही नसेल तर केवळ रिपोर्टवरून अँटिबायोटिक सुरू करू नये. दर वेळी दिलं तर पुढचा जंतू आणखी चिवट होऊन बसतो.

रात्र_ड्युटी | सोमवार, दुपारी ३.४०

सिस्टर, तुमचं सगळं पटलं, पण एक हिशेब मांडते. रात्री माझ्याकडे ४२ पेशंट, आम्ही दोघी. एका पेशंटला रात्रीत कमीत कमी चार वेळा हात लागतो. म्हणजे माझ्या वाट्याला २१ पेशंट, ८४ वेळा हात. आधी आणि नंतर धरलं तर १६८. साबणानं नीट धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात असं तक्त्यावर लिहिलंय. ४० सेकंदांनीही जवळजवळ दोन तास होतात. बेसिन वॉर्डाच्या त्या टोकाला, तिथे जायचे-यायचे धरलेच नाहीत. दोन तास हात धुतले तर इंजेक्शनं कोण देणार? एखादा पेशंट खराब झाला तर जाब मलाच द्यायचा आहे.

आणि एक मनातलं. २०१८ साली केरळात निपा विषाणूची साथ आली तेव्हा पेरांब्राच्या रुग्णालयातली लिनी नावाची नर्स पेशंटची सेवा करताना गेली. तिचे फोटो सगळीकडे फिरले, आम्हीही रडलो. त्या साथीत बहुतेकांना लागण रुग्णालयातच झाली होती. कौतुक खूप होतं आमचं. वॉर्डात एन-९५ मागितला की मात्र स्टोअरमधून "उद्या" येतं.

तिसरी_पाळी | सोमवार, रात्री ९.५०

@रात्र_ड्युटी, तुमचा हिशेब खरा आहे. मीही असाच मांडला होता, आणि त्यातूनच वाट सापडली.

डोळ्यांना दिसणारी घाण हाताला नसेल तर साबण-पाण्याची गरज नाही, अल्कोहोलचा हॅन्डरब पुरतो. त्याला २० ते ३० सेकंद लागतात आणि बेसिनपर्यंत जावं लागत नाही. शिवाय ११ नंबरचा 'नंतर' आणि १२ नंबरचा 'आधी' हा बऱ्याचदा एकच हात असतो. ११ वरून निघून मधे कशालाही हात न लावता १२ कडे गेलात तर दोन्ही मिळून एकदाच चोळायचं. १६८ चे साधारण निम्मे झाले, आणि तेही चालता चालता. पण यासाठी बाटली बेडच्या पायथ्याशी हवी. आमच्याकडे वॉर्डाला दोन बाटल्या होत्या, एक नर्सिंग स्टेशनवर आणि एक इनचार्ज सिस्टरच्या कपाटात, चोरीला जाईल म्हणून कुलपात. मी दर दोन बेडना एक तारेचा अडकवणीचा स्टँड करून घेतला. आमच्या गावच्या फॅब्रिकेशनवाल्यानं हे काम केलं. पहिल्या महिन्यात काही बाटल्या गेल्याही, मी परत लावल्या. तिसऱ्या महिन्यात वहीतला 'आधी'चा रकाना पहिल्यांदा भरलेला दिसला.

हॅन्डरब संपतो, खरेदीला वेळ लागतो ही तक्रार असेल तर सांगते. जागतिक आरोग्य संघटनेचं साधं सूत्र आहे : इथेनॉल ८० टक्के, ग्लिसरॉल १.४५ टक्के, हायड्रोजन पेरॉक्साइड ०.१२५ टक्के, बाकी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी. परवानगी काढून हे रुग्णालयाच्या फार्मसीत बनवता येतं. ग्लिसरॉल हातांसाठी असतं, ते कमी करून पैसे वाचवू नका. हात फुटले, भेगा पडल्या की कुणीही अल्कोहोल लावत नाही. थंडीत तर डोळ्यांतून पाणी येतं.

ग्लोव्हजचं वेगळं सांगते. शीर सापडावी म्हणून आपण ग्लोव्हजचं एक बोट फाडतो. मीही फाडलंय. ज्या बोटानं शीर चाचपतो तेच बोट सुईजवळ आणि रक्ताजवळ असतं. पेशंटला आणि आपल्याला, दोघांनाही त्यानं धोका. शीर आधी उघड्या, स्वच्छ हातानं शोधा, जागा ध्यानात ठेवा, मग ग्लोव्हज घाला, जागा पुसा आणि पुसल्यावर तिथे परत बोट लावू नका. हे जमायला मला दोन आठवडे लागले.

एन-९५ चं तुमचं दुःख माझंही आहे. त्यावर माझ्याकडे एकच तोड आहे. मागणी तोंडी करायची नाही, रजिस्टरमध्ये तारीख-वेळ टाकून करायची आणि नाही मिळालं तर 'नाही मिळालं' असंही तिथेच लिहायचं. टीबीच्या संशयितासाठी मास्क येईपर्यंत निदान समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवा आणि पेशंटला साधा मास्क द्या. वाहती हवा फुकट आहे आणि खरोखर उपयोगी आहे.

थेम्सकाठी | सोमवार, रात्री ११.५५

मी सांगलीकडची, सध्या इंग्लंडमध्ये वॉर्डात काम करते. इथे 'कोपराखाली काही नाही' असा नियम आहे. बाह्या आखूड, घड्याळ छातीवर पिन केलेलं, नखं कापलेली, हातात फार तर एक साधी अंगठी. २००८ च्या सुमारास हे सगळीकडे आलं, तेव्हा डॉक्टरांचे लांब बाह्यांचे पांढरे कोटही गेले. कारण सरळ आहे. मनगटावर काही असलं की मनगट धुतलं जात नाही.

आपल्याकडे याला दुसरी बाजू आहे, ती मी माझ्या बहिणीच्या निमित्तानं पाहिली. ती तिकडे नर्स आहे. लग्नानंतर आठव्या दिवशी हिरवा चुडा भरलेल्या हातांनी ड्युटीवर गेली. इनचार्जनं काढायला सांगितला, सासूबाई म्हणाल्या सव्वा महिना उतरवायचा नाही. पोरगी दोन्हीकडून रडवेली. शेवटी सासूबाईंना वॉर्डात बोलावून इनचार्जबाईंनीच समजावलं, की ड्युटीपुरत्या बांगड्या उतरवून पर्समध्ये हळदकुंकवाच्या डबीशेजारी ठेवू द्या, घरी गेल्यावर पुन्हा भरेल. त्या ऐकल्या. मला वाटतं हे संभाषण प्रत्येक नर्सिंग कॉलेजात व्हायला हवं, नुसता नियम भिंतीवर लावून भागणार नाही.

दुसरं, अँटिबायोटिकनंतर जुलाब लागलेल्या पेशंटच्या बाबतीत हॅन्डरबवर विसंबू नका. क्लॉस्ट्रिडियम डिफिसिल नावाचा जंतू बीजाणू करतो, ते अल्कोहोलनं मरत नाहीत. तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं. इथे अशा पेशंटला वेगळी खोली देतात.

वैनगंगा | मंगळवार, सकाळी ९.२०

मी नातेवाईक म्हणून लिहितोय. माझ्या वडिलांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, जखम चिघळली, दोन वेळा परत उघडावी लागली. आज ते काठीशिवाय उभे राहत नाहीत. मी विचारलं तर डॉक्टर म्हणाले, "शुगर होती ना." सिस्टर म्हणाल्या, "तुम्ही भेटायला फार जण येता." सफाईवाले काही बोललेच नाहीत. प्रत्येकानं दुसऱ्याकडे बोट दाखवलं. मी पहिल्यांदा एक नर्स पाहिली जिनं 'मीही हेच केलं' असं लिहिलं, म्हणून आज तीन वर्षांनी हे लिहायचं धाडस झालं. माझा प्रश्न साधा आहे. आम्ही हात धुतले का असं विचारलं तर सिस्टरना राग येतो. मग आम्ही काय करायचं?

तिसरी_पाळी | मंगळवार, सकाळी १०.४५

@वैनगंगा, दादा, तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं. शुगर वाढलेली असली की जखम चिघळण्याचा धोका खरंच वाढतो, ते खोटं नाही. पण शुगर आहे हे आम्हाला आधीपासून माहीत असतं. म्हणजे त्या पेशंटच्या बाबतीत हात अधिक जपायचे, ते कारण पुढे करून सुटायचं नाही. कुणीतरी तुमच्यासमोर बसून, कल्चर काय आलं, कधी आलं, कुठून आलं असावं हे सांगायला हवं होतं. ते झालं नाही याचं मला एक नर्स म्हणून दुःख आहे.

विचारण्याबद्दल. राग येतो, हे खरं आहे. मलाही यायचा. म्हणून आता मी ॲडमिशनच्या वेळी स्वतःच सांगते : "मामा, मी किंवा कुणीही तुमच्या जखमेला हात लावायला आलं की ही बाटली दाखवायची. मला बरं वाटेल." मग विचारणं त्यांना उद्धटपणाचं वाटत नाही, कारण परवानगी आमच्याकडूनच मिळालेली असते. एक आजोबा तर काही न बोलता बाटलीकडे हनुवटीनं खूण करायचे. त्यांच्या बेडपाशी मी कधी विसरले नाही.

भेटायला येणाऱ्यांबद्दलही लिहिते, कारण आपल्या सरकारी वॉर्डात निम्मी शुश्रूषा नातेवाईकच करतात. नळीतून दूध तेच घालतात, पाठ तेच पुसतात, पेशंटला वळवतात तेच. त्यांना बाहेर काढून वॉर्ड चालणार नाही. मग त्यांनाही हात शिकवायला हवेत. मी तेलात कुंकू कालवते आणि डोळे मिटून हाताला चोळायला सांगते, साबण चोळतो तसं. डोळे उघडल्यावर अंगठा, बोटांची टोकं आणि बोटांच्या बेचक्या कोऱ्या दिसतात, दर वेळी. विद्यार्थिनींचंही तेच, डॉक्टरांचंही तेच. तक्त्यानं जे होत नव्हतं ते या कुंकवानं झालं.

जखमेवर अंगारा लावायला कुणी आलं तर मी हात धरत नाही. कपाळाला लावा म्हणते. देवाचं राहतं आणि जखमही राहते.

तिसरी_पाळी | मंगळवार, सकाळी ११.१०

@अबोली, तुमचं उत्तर राहिलं होतं, माफ करा.

पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली हवी. खाटेच्या लाकडाला अडकवा, पण जमिनीला टेकू देऊ नका. वडिलांना कुशीवर वळवताना किंवा खुर्चीत बसवताना आपण पिशवी उचलून पोटावर ठेवतो, तेव्हा साचलेली लघवी परत आत जाते. ही चूक बहुतेक घरी होते, तुमच्याकडेही होत असेल असं मला वाटतं. उचलावीच लागली तर आधी रिकामी करा.

पिशवी दोन तृतीयांश भरली की, किंवा आठ तासांनी, जे आधी होईल तेव्हा ओता. त्यासाठी एक भांडं वेगळं, फक्त त्यांच्यासाठी. ओतताना पिशवीची तोटी भांड्याला लागू देऊ नका. आधी हात, नंतर हात. नळी आणि पिशवीचा जोड विनाकारण सोडायचा नाही, प्रत्येक वेळी सोडला की जंतूंना दार उघडलं. नळी मांडीला पट्टीनं नीट बांधा म्हणजे ओढ बसत नाही. रोज साबण-पाण्यानं जागा धुवा, शौचानंतर पुन्हा, आणि पुसताना नळीच्या तोंडापासून बाहेरच्या दिशेनं. डेटॉल, स्पिरिट, पावडर काही नको.

आणि सगळ्यात आधी डॉक्टरांना हे विचारा : नळीची अजून गरज आहे का? आमच्या वॉर्डातही हा प्रश्न रोज सकाळी राउंडला विचारायचा असं ठरवलं आहे. नळी आहे म्हणून आहे, असे कितीतरी पेशंट निघाले. पक्षाघातानंतर काहींना डायपर किंवा बाहेरून लावायची कंडोम कॅथेटर चालते.

पाठीची कातडी कशी आहे तेही लिहा. दर दोन तासांनी कूस बदलता का? मुंबईच्या केईएममध्ये अरुणा शानबाग यांना तिथल्या नर्सनी ४२ वर्षं सांभाळलं आणि पाठीला जखम होऊ दिली नाही, हे मी प्रत्येक नव्या बॅचला सांगते. त्यासाठी कुठलं यंत्र नव्हतं. पाळी बदलली तरी कूस बदलायची राहिली नाही.

पहाटपाळी | मंगळवार, दुपारी २.०५

मी सफाई सुपरवायझर आहे. इथे सिस्टर, डॉक्टर, नातेवाईक सगळे बोलले, आमच्या मावश्यांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते.

फरशी आणि सांडलेलं रक्त निर्जंतुक करायच्या हायपोक्लोराइटचा कॅन येतो, त्यावर ५ टक्के लिहिलेलं असतं, कधी १० टक्के. रक्त सांडलं तर १ टक्का लागतं. म्हणजे ५ टक्क्याचं असेल तर एक भाग औषध, चार भाग पाणी. १० चं असेल तर एकाला नऊ. हे मावश्यांना कुणी सांगत नाही, त्या अंदाजानं ओततात. उन्हात, पारदर्शक बाटलीत ठेवलेलं निकामी होतं, तेही सांगत नाही. मी जुन्या सलाईनच्या बाटलीवर मार्करनं रेघा मारून दिल्यात, पहिल्या रेघेपर्यंत औषध, वरच्या रेघेपर्यंत पाणी. माझ्या दोन मावश्यांना वाचता येत नाही, पण रेघ चुकत नाहीत. रोज सकाळी ताजं करायचं. रक्तावर आधी कापड टाकायचं, वरून ओतायचं, किमान १० मिनिटं थांबायचं, मग उचलायचं. संडासाच्या ॲसिडमध्ये हे कधीही मिसळू नका, विषारी वायू होतो. आमची एक बाई खोकून खोकून कॅज्युअल्टीत गेली होती.

आणि हात जोडून सांगते, सुया पिवळ्या पिशवीत टाकू नका. सुयांना पांढरा न टोचणारा डबा आहे, सलाईनचे सेट आणि नळ्या लाल पिशवीत, काच निळ्यात, पू-रक्ताच्या पट्ट्या पिवळ्यात. २०१६ पासून हा नियम आहे. पिशवीला गाठ मारताना टोचते ती मावशीला. कुणाची सुई, कुठल्या पेशंटची, काही कळत नाही. हेपॅटायटिस बीची लस सिस्टरना देतात, कंत्राटी मावश्यांची नावं त्या यादीत नसतात.

सूक्ष्मदर्शक | मंगळवार, दुपारी २.५०

पहाटपाळी ताई, तुमचा हा प्रतिसाद मी आमच्या इन्फेक्शन कंट्रोल कमिटीच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे. कंत्राटी कामगारांच्या लसीचा विषय मी स्वतः मांडतो. आमच्या बैठकीत सफाईचं माणूस बसत नाही, हे लिहिताना लाज वाटते.

दुसरं_वर्ष | मंगळवार, रात्री ११.३०

मी जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाच्या, दुसऱ्या वर्षाला आहे. हे कुठे बोलू कळत नव्हतं. आज संध्याकाळी साडेसहाला इंजेक्शन देऊन झाल्यावर सुईला टोपण लावताना माझ्या बोटात सुई गेली. थोडं रक्त आलं. मी दाबून दाबून रक्त काढलं आणि स्पिरिट लावलं. कुणाला सांगितलं नाही, सिस्टर ओरडतील आणि प्रॅक्टिकलचे मार्क जातील म्हणून. पेशंटला काय आहे माहीत नाही. खूप भीती वाटतेय.

तिसरी_पाळी | मंगळवार, रात्री ११.३८

बाळा, आत्ता कॅज्युअल्टीत जा. सकाळची वाट बघू नकोस. होस्टेलच्या वॉर्डनला उठव, मैत्रिणीला बरोबर घे. ड्युटी डॉक्टरांना 'नीडल स्टिक इंज्युरी, साडेसहा वाजता' एवढंच सांग. गरज असली तर एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध पहिल्या दोन तासांत सुरू झालेलं उत्तम, पण ७२ तासांपर्यंत देता येतं, तू वेळेत आहेस. पेशंटची तपासणी होईल, तुझं रक्त घेतील. तुझे हेपॅटायटिस बीचे तीन डोस झालेत का ते सांग.

दाबायची गरज नसते, वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं एवढंच. पण झालं ते झालं, त्याचा विचार करू नकोस. माझ्याही बोटात गेली आहे, टोपण लावतानाच. मीही सांगितलं नव्हतं. सहा महिने रात्री जागून काढले मी. तू काढू नकोस.

सूक्ष्मदर्शक | मंगळवार, रात्री ११.४६

ताई म्हणतात ते लगेच कर. भीती थोडी कमी व्हावी म्हणून आकडा सांगतो : पेशंट एचआयव्ही पॉझिटिव्ह असला तरी अशा एका टोचण्यातून लागण होण्याची शक्यता साधारण ०.३ टक्के, आणि औषधानं ती आणखी खूप खाली येते. हेपॅटायटिस बीचा धोका लस न घेतलेल्यांना बराच जास्त, ६ ते ३० टक्के, म्हणून लसीचं विचारतायत. निघ आता.

रात्र_ड्युटी | बुधवार, पहाटे ४.१०

रात्रपाळीवर आहे, दर थोड्या वेळानं हा धागा उघडून बघतेय. पोहोचलीस का गं?

दुसरं_वर्ष | बुधवार, सकाळी ८.४०

गेले होते. कॅज्युअल्टीचे डॉक्टर ओरडले नाहीत. पेशंटचं रक्त रात्रीच तपासलं, एचआयव्ही आणि हेपॅटायटिस बी, सी तिन्ही निगेटिव्ह. त्यामुळे औषध सुरू केलं नाही. माझं रक्त घेतलं. लसीचे दोनच डोस झालेत, तिसरा राहिलाय, तो आज देणार आहेत. सकाळी इनचार्ज सिस्टरना सांगितलं. त्या गप्प राहिल्या, मग रजिस्टरमध्ये नोंद केली. थोड्या वेळानं त्यांनी पांढरा डबा नर्सिंग स्टेशनवरून उचलून इंजेक्शनच्या ट्रॉलीवर ठेवला आणि आम्हा सगळ्या मुलींना म्हणाल्या, इथून पुढे टोपण लावायचं नाही, सुई सरळ यात.

तुम्ही सगळ्यांनी रात्री उत्तर दिलंत, नाहीतर मी सांगितलं नसतं.

तिसरी_पाळी | बुधवार, सकाळी ९.१५

देव पावला. तुझ्या इनचार्ज सिस्टरना माझा नमस्कार सांग.

आता वहीत तारखा लिहून ठेव. तिसऱ्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटी-एचबीएस टायटर, म्हणजे लस लागू पडली का ते दाखवणारी रक्ताची तपासणी, करायची, आकडा १० किंवा त्याच्या वर हवा. डॉक्टर सांगतील तसं सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी रक्त पुन्हा दाखव, पेशंट निगेटिव्ह असला तरी त्यांना एकदा विचारून घे. आणि आज ड्युटी असेल तर बोटाला वॉटरप्रूफ पट्टी लावून जा, उघड्या जखमेनं पेशंटला हात लावू नकोस.

@रात्र_ड्युटी, तारेच्या स्टँडचं माप आणि फोटो संध्याकाळी टाकते. आमच्या फॅब्रिकेशनवाल्यानं एका स्टँडचे किती घेतले तेही विचारून लिहिते, म्हणजे तुम्हाला मागणीपत्रात आकडा टाकता येईल.